दहा मिनिटांची आंबोली

माझं माहेर सावंतवाडी, सासर बेळगाव. आंबोली मधे. १९८८ साली लग्न होऊन आले, त्याला आता ३७ वर्षं झाली. वर्षाला तीन-चार खेपा धरल्या तर जाता-येता दोनेकशे वेळा मी आंबोलीच्या स्टँडवर उतरले असेन. उतरले म्हणजे काय, कंडक्टर ओरडायचा, "दहा मिनिटं थांबेल!" त्या दहा मिनिटांत लेकराला बाजूला नेऊन आणायचं, स्वतः जाऊन यायचं, तोंडावर पाणी मारायचं, एक वडा घ्यायचा आणि तो अर्धा खाल्लेला असतानाच बशीत चढायचं. माझ्या लेखी आंबोली ती एवढीच. बाहेर काय होतं? धुकं. आणि धुक्यात उभी असलेली दुसरी एसटी.

घाटात मला गाडी लागते, हे इथंच सांगून टाकते. लहानपणी आई हातात लिंबू द्यायची, लग्नानंतर लिंबाच्या जागी आलेपाक आला. खालून वर येताना दाणोली सोडली की मी डोळे मिटायची ते थेट स्टँडवर उघडायची. वरून खाली जाताना उलट. त्यामुळे जो घाट बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात, तो मी आयुष्यभर डोळे मिटून पार केलाय.

यंदा साठी झाली. पुण्याहून लेकीचा फोन आला, "आई, तुला एक दिवसाची ट्रिप बुक केलीय. गाईड, नाश्ता, जेवण, सगळं आहे."

"कुठली गं?"

"आंबोली."

मला हसावं की रागवावं कळेना. आंबोलीला जायला गाईड करायचा म्हणजे स्वतःच्या माजघरात जायला रिक्षा करण्यासारखं. वर माणशी ११०० रुपये! बेळगावहून आंबोली ७० किलोमीटरच्या आत-बाहेर. एसटीनं जाऊन एसटीनं परत यायचं तर नाश्त्यासकट त्याच्या निम्म्यातही भागलं असतं. तसा आमच्याकडे तिकिटाचाही एक गमतीचा हिशेब आहे. २०२३ पासून कर्नाटकाच्या बशीत आम्हा बायकांना फुकट आणि महाराष्ट्राच्या एसटीत निम्मं तिकीट. पण फुकटचं राज्य आपल्या हद्दीपुरतं आणि निम्म्याचं त्यांच्या हद्दीपुरतं, त्यामुळे सीमेवरच्या बाईनं माहेरी जायचं तर डोक्यात गणित घेऊनच चढायचं. आणि सीमाप्रश्न तापला की पहिल्यांदा बंद पडते ती एसटीच, मग फुकटही नाही आणि निम्मंही नाही.

पैसे परत मिळणार नाहीत म्हणाली म्हणून गेले. खरं कारण हेच.

जुलैमधला रविवार. पहाटे पावणेसहाला आरपीडी क्रॉसवर जायचं होतं. बेळगावचा जुलै कसा असतो ते बेळगावकराला सांगायला नको. रात्रभर भुरभुर चालूच होती आणि छत्री उघडावी की नको असा तो पाऊस. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. आम्ही चौदा जणं. शहापूरचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, तीन कॉलेजच्या मुली, बँकेतले दोघं, वडगावच्या एक डॉक्टरीणबाई आणि त्यांचे मिस्टर, बाकी कॅमेरेवाली पोरं. सगळ्यात म्हातारी मी. गाडीत चढायच्या आधीच मी सगळ्यांची काकी झाले होते. ट्रिप काढणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षाही लहान, टिळकवाडीतली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काकी, सलवार सॉक्समध्ये खोचा. जळवा असतात."

मी म्हटलं, "अगं, मी सावंतवाडीची. मला जळू काय सांगतीस?" पण खोचली.

ड्रायव्हर गोकाकचा. मराठी बोलायचा, पण कानडीच्या चालीवर. "बर्री अक्का, पुढं बसा. मागं बसलं की घाटात होतंय बघा." ह्या माणसाला माझ्या पोटातलं कसं कळलं देव जाणे. पुढची सीट मला मिळाली आणि मी पहिल्यांदाच वेंगुर्ला रोड समोरच्या काचेतून बघितला.

हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, शिनोळी. बाचीपर्यंत पाट्यांवर वर कानडी, शिनोळीला पाट्या मराठी. मधे फरक शोधायला गेलात तर भात दोन्हीकडे तेच, चिखल तोच आणि रोप लावणाऱ्या बायका एकमेकींच्या नणंदा-भावजया. खतांच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ओणव्या झालेल्या. माझ्या लहानपणी पानांची इरली असायची, ती आता कुठं दिसतात? बेळगाव बासमतीचा वास ह्या पट्ट्यातलाच. आता त्यातही इंद्रायणी जास्त लावतात असं आमचा भाताचा माणूस सांगतो.

ट्रिपवाल्या मुलीनं माईक घेतला आणि रस्त्याचीच गोष्ट सुरू केली, ते मला आवडलं. म्हणाली, आपण ज्या रस्त्यानं जाऊलालोय, तो सहलीसाठी झालेला रस्ता नव्हे. इंग्रजांच्या बेळगावच्या छावणीला माल लागायचा, तो बोटीनं वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांनी घाट चढून इकडं यायचा. आंबोली म्हणजे त्या वाटेवरचा मुक्काम. बैल दमले, माणसं दमली की थांबायची जागा. पुढं इंग्रजांना तिथली हवा आवडली आणि थंड हवेचं ठिकाण झालं.

म्हणजे आंबोली मुळातच थांब्याचं गाव! माझ्या दहा मिनिटांचं मला एवढं वाईट वाटायचं कारण नाही, परंपरा जुनी आहे. फक्त बैलांना दहा मिनिटांपेक्षा जास्त मिळत असणार.

माझे वडील ह्या घाटाला पारपोली घाट म्हणायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी नारळ, मीठ, सुकी मासळी वर जायची आणि तांदूळ, गूळ, मिरची खाली यायची. मी वर गेले आणि बदल्यात कुंदा खाली जायला लागला, असं ते दरवेळी म्हणायचे आणि दरवेळी स्वतःच हसायचे.

पाटणे फाट्याला पोहे आणि चहा. पोहे गार होते. पुढं जाऊया.

चंदगडच्या पट्ट्यात शिरल्यावर एक ट्रक आडवा आला, ताडपत्री घातलेला, चाकांना लाल चिखल. मी एकदम सरळ बसले. माझे यजमान बेळगावच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होते, आणि ह्या चंदगडच्या सड्यांवरचं, म्हणजे उघड्या दगडी पठारांवरचं, बॉक्साइट ट्रकांतून तिकडं जायचं. ते ड्यूटीवरून आले की बुटांना तांबडी माती. ती फरशीवर पडली की मी ओरडायची. ती कुठली माती हे मला तीस वर्षं माहीत होतं आणि कधी बघायला गेले नाही. ह्या ट्रकाची गोष्ट परत येणार आहे, म्हणून इथं सांगून ठेवते.

नांगरतासला गाडी थांबली. धबधबा म्हटल्यावर वर बघायची सवय असते, इथं खाली बघायचं. काळ्या कातळात नांगरानं तास काढावा तशी अरुंद खोल घळ, आणि नदी तिच्यात घुसतीय. आवाज एवढा की शेजारी उभ्या माणसाचं तोंड हलतंय एवढंच कळतं. ह्या जागेवरून मी दोनशे वेळा गेले होते. रस्त्याला लागून आहे हो! कडेला देऊळ आहे, ते मला माहीत होतं, कारण बशीतून हात जोडायची. देवळाला हात जोडायचे आणि नदीकडं पाठ, असा माझा हिशेब.

इथंच आम्हाला गाईड भेटला. आंबोलीचाच पोरगा, पंचविशीतला, अंगात रेनकोट, पायात साध्या चपला. आम्ही सगळे बूट घालून घसरूलालोय आणि हा चपलांवर बकरीसारखा. त्यानं सुरुवात केली ती गाईडच्या भाषेत, "तर मित्रांनो, आंबोलीत वर्षाला साधारण साडेसात हजार मिलिमीटर पाऊस पडतो." आपल्या बेळगावात तेराशेच्या आसपास. म्हणजे पाच-सहा बेळगावं एकावर एक रचा. आणि ही उंची केवढी, ६९० मीटर. बेळगाव तर ह्याहून उंच आहे! हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होते आपण डोंगरावर चाललोय, आणि आपण निघालोय तीच जागा वरची. आंबोली हा डोंगराचा काठ आहे. समुद्रावरून आलेला ढग पहिल्यांदा इथं धडकतो आणि ओझं इथंच टाकतो. आपल्यापर्यंत येतो तो हलका झालेला.

कॅमेरेवाल्या पोरांपैकी एकानं विचारलं, पाऊस कधी थांबेल? गाईड हसला आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडातून स्वतःची भाषा आली, "आमच्या हय असोच. थांबलो तर आमका भय वाटता."

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर माझ्याशी कुणी मालवणी बोललं नव्हतं. भाऊ बोलतो तो शहरी मराठी. मी त्याला म्हटलं, "मगे काय, पाऊस नाय तर आंबोली कसली?" तो वळून बघायला लागला. "काकी, तुम्ही खयच्या?" आणि मग दिवसभर तो बाकीच्यांना माईकवरून सांगायचा आणि मला वेगळं, हळू आवाजात. म्हणजे ११०० रुपयांत मला दोन गाईड मिळाले.

त्यानंतर हिरण्यकेशी. आंबोलीपासून चारपाच किलोमीटर आत. गाडी थांबते तिथून थोडं चालायचं, दोन्ही बाजूला झाडी आणि मधे ओली वाट. शेवटी महादेवाचं देऊळ, आणि देवळाच्या पाठीमागच्या गुहेतून पाणी बाहेर येतंय. समोर कुंड. हिरण्य म्हणजे सोनं, हिरण्यकेशी म्हणजे पार्वती. गुहेच्या अंधारातून येणारं ते पाणी सोन्याचं वगैरे काही दिसत नाही. काचेसारखं दिसतं आणि थंड इतकं की पाय घातला की हाडात कळ जाते.

ह्या कुंडात एक बोटाएवढा मासा आहे, त्याला इथले लोक देवाचा मासा म्हणतात. २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढीशी जागा, २.११ हेक्टर, म्हणजे पाच एकरांच्या वर थोडी. गाईड पोरगा म्हणाला, "देवाचो म्हणान कोणी खाल्लो नाय, म्हणान ऱ्हवलो." मला हे फार पटलं. मासा दिसला का? डॉक्टरीणबाईंना दिसला. मला तळाशी एक काडी हलल्यासारखी वाटली. मासा होता असं मी लेकीला सांगितलंय.

आता खरी गंमत. गाईडनं सांगितलं, ही नदी इथून आजऱ्याला जाते, तिथून गडहिंग्लज, मग संकेश्वर, आणि पुढं घटप्रभेला मिळते. आमचा ड्रायव्हर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कुंडाच्या काठावर उभा होता, तो एकदम म्हणाला, "घटप्रभा? म्हणजे आमच्या गोकाकला येतंय की हे!"

"येतं तर."

"हेच काय ते?" तो पाण्याकडं बघत राहिला. "२०१९ ला आमच्या घरात छातीभर होतं हे. चार दिवस गच्चीवर होतो." मग त्यानं वाकून ओंजळ भरली, प्याला, आणि कानडीत त्या पाण्याला काहीतरी बोलला. मुली हसल्या. शिवी होती की नमस्कार होता, मला कळलं नाही. कदाचित दोन्ही असेल.

मी मनातल्या मनात आमची मार्कंडेय नदी त्याला जोडत होते. राकसकोपच्या धरणाचं पाणी पिऊन आम्ही बेळगावकर जगतो, ती मार्कंडेयही शेवटी घटप्रभेलाच मिळते. म्हणजे हिरण्यकेशी माझ्या सासरच्या गोतावळ्यातली. आणि इथून चारपाच किलोमीटरवर, घाटाच्या कड्यावर जो पाऊस पडतो तो खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो, माझ्या माहेरच्या बाजूला. एकाच ढगातले दोन थेंब, वाऱ्याची झुळूक जराशी इकडंतिकडं झाली की एक माहेरी, एक सासरी. राज्याची हद्द आम्ही सकाळी शिनोळीला ओलांडली होती, पाटी होती म्हणून कळली. पाण्याची हद्द ही अशी, पाटी नाही. तीवरून मी डोळे मिटून, आलेपाक चघळत गेलेय.

दुपारच्या आधी आम्हाला सड्यावर नेलं. सडा म्हणजे जांभ्याचं पठार, वर माती जवळजवळ नाहीच, खडबडीत लालकाळा दगड आणि त्याच्या खळग्यांत साचलेलं पाणी. वरून गवताचा हिरवा पातळ थर. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसेना. ट्रिपवाली मुलगी म्हणाली, एका रांगेत चला, माझ्या मागं, गवतावर पाय देऊ नका, दगडावरून चला. मला वाटलं घसरू नये म्हणून सांगतेय. नाही. खळग्यातल्या त्या वीतभर पाण्यात बेडकांची पिल्लं असतात.

आंबोलीच्या नावाचाच एक टोड आहे, बेडकाच्याच जातीतला. अंगठ्याएवढा, तपकिरी, आणि कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. शास्त्रीय नावातही वाघ आहे, झँथोफ्रिन टायगेरिना. २००९ साली त्याची नोंद झाली आणि आता अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. तो ह्याच असल्या सड्यांवर पहिल्या पावसात अंडी घालतो, खळग्यातलं पाणी आटायच्या आत पिल्लांचे टोड व्हायला हवेत, सगळा घाईचा कारभार. त्याच्याकडंही दहाच मिनिटं, म्हणा ना.

आम्हाला तो दिसला नाही. एक कॅमेरेवाला म्हणाला, "दगडाखाली असतील की. उलटून बघूया काय?" गाईडचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दगड उलटूचो नाय. तुम्ही फोटो काढून जाशात, त्याका परत खय घर मिळतला?" पोरगा ओशाळला. ट्रिपवाल्या मुलीनं टोडचा प्लॅस्टिकमध्ये घातलेला फोटो काढला आणि सगळ्यांना फिरवून दाखवला. ज्याला वाघ बघायला नेऊन फोटो दाखवतात त्याला राग येईल, मला आला नाही. पैसे घेऊनसुद्धा न दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मी खाली वाकून दगडाला हात लावला. हाताला तांबडं लागलं. जांभा आणि बॉक्साइट ही भावंडंच, असल्याच सड्यांवर सापडतात. सकाळचा तो ट्रक, यजमानांचे बूट, माझी फरशी. आमचं घर, लेकीचं शिक्षण, माझ्या कानातल्या कुड्या, सगळं असल्याच कुठल्यातरी सड्याच्या सालीवर उभं राहिलेलं. तो सडा हा नव्हे, चंदगडकडचा. पण तिथं कुणी खळग्यात वाकून बघितलं असेल काय, असं मनात आलं खरं. यजमान असते तर म्हणाले असते, "आणि तू भात कशात शिजवतीस? ॲल्युमिनियमच्या कुकरातच ना?" त्यांचं बरोबर होतं नेहमी, आणि नेहमीच राग यायचा.

सड्यावरून उतरताना झुडपांत उडता बेडूक दिसला, मलबारचा. दिवसा तो झोपलेला असतो, पानाला चिकटून, पोपटी, डोळे मिटून. बोटांमध्ये पडदे असतात, ते पसरून झाडावरून तरंगत उतरतो. खालच्या फांदीला फेसाचा गोळा लटकत होता, साबणाचा फेस कुणी फांदीवर झटकावा तसा. ते त्याचं घरटं. पिल्लं झाली की फेसातून थेट खालच्या डबक्यात टपकतात. शहापूरच्या नव्या नवरीनं विचारलं, "आणि खाली डबकं नसलं तर?" गाईड म्हणाला, "आई बघून घालता." त्यावर तिच्या नवऱ्यानं काहीतरी विनोद केला, तो मला नीट ऐकू आला नाही, पण ती लाल झाली.

जेवण एका घरगुती खाणावळीत. काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळ्याची भाजी, नाचणीची भाकरी, मांसाहारवाल्यांना कोंबडी-वडे, आणि सोलकढी. आणि आंबोळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आंबोळीवरून आंबोली नाव पडलं काय? खाणावळीतल्या बाई म्हणाल्या, "नाव खयसून पडला ता म्हायत नाय. तुम्ही खावा, गरम आसा." मी तीन खाल्ल्या. पोह्यांचा राग तिथं गेला.

कावळेसादला गेलो तेव्हा तीन वाजले होते. गेळे गावाच्या हद्दीत हा कडा. रेलिंगपाशी उभं राहिलो आणि समोर पांढरं. नुसतं पांढरं, घरच्या भिंतीसारखं. चाळीस मिनिटं आम्ही चौदा जणं ११०० रुपये माणशी देऊन भिंत बघत होतो. एकानं गाणं लावलं, गाईडनं बंद करायला लावलं. मग खालून वारा आला. दरीत पडलेलं पाणी वारा उचलून परत वर फेकतो असं ऐकलं होतं, पण ते पाणी खालून येऊन हनुवटीवर आदळतं तेव्हा काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. छत्र्या सगळ्या वरच्या पावसाला धरलेल्या! माझा चष्मा, नाक, तोंड, सगळं भरलं. आणि त्याच वाऱ्यानं धुकं फाटलं. दोन मिनिटं. हिरवी दरी, इतकी खोल की पोटात आलं, समोरच्या कड्यावरून चारपाच पांढऱ्या धारा, आणि त्यातली एक वरच्या वर मोडून मागं फिरलेली, खाली पोचतच नव्हती.

परत भिंत.

कॅमेरेवाल्यांपैकी दोघं त्या वेळी गाडीत फोन चार्ज करत होते. आम्हाला काय काय दिसलं ते त्यांना सगळ्यांनी वाढवून सांगितलं.

शेवटचा टप्पा मुख्य धबधबा, घाटात खाली. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. रविवार, गाड्यांची रांग, भजी, कणीस, माकडं, शर्ट काढून पायऱ्यांवर नाचणारी पोरं आणि कणसाचे बुंधे. पाणी सुंदर आहे, माणसांच्या फटीतून दिसतं. आमची ट्रिपवाली मुलगीच म्हणाली, "काकी, हे यादीत ठेवावं लागतंय. नाहीतर लोक म्हणतात आंबोली दाखवलीच नाही." मी गाडीतून उतरले नाही. त्याऐवजी पुढच्या सीटवर बसून, डोळे उघडे ठेवून, दाणोलीकडं उतरत जाणारी वळणं जेवढी दिसतील तेवढी बघितली. पोटात थोडं ढवळलं. आलेपाक पर्समध्ये होता, तो खाल्ला.

परतताना स्टँडवर चहाला थांबलो. ट्रिपवाली मुलगी म्हणाली, "दहा मिनिटं हं, सगळ्यांनी!" मी इतक्या मोठ्यानं हसले की बँकेतले दोघं वळून बघायला लागले. गाईड पोरगा तिथंच उतरला. जाताना म्हणाला, "सप्टेंबरात येवा काकी, सड्यार सीतेची आसवां फुलतत." मी त्याला घरून नेलेला कुंद्याचा डबा दिला. तो भावाला द्यायचा म्हणून नेहमीच्या सवयीनं बांधून घेतला होता, गाडी सावंतवाडीला जाणारच नव्हती हे सकाळी लक्षातच आलं नाही.

आठच्या सुमाराला घरी. अंघोळ, पेज, झोप.

सोमवारी सकाळी धुण्याला येणाऱ्या मावशी न्हाणीतून ओरडल्या, "वैनी, हे काय ओ? वळवळूलाय!" माझ्या सॉक्समधून निघालेली जळू, चांगली टम्म फुगलेली, मोरीच्या कडेला. कधी चावली मला पत्ताच नाही, घोट्याला बघितलं तर टिकलीएवढा डाग. मावशी म्हणाल्या, "थांबा, मीठ आणतो." आमच्या बेळगावात बायकाही आणतो-जातो म्हणतात.

मी म्हटलं, नको. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर घेतली आणि मागच्या अळूच्या कुंडीत सोडली. मावशींनी माझ्याकडं अशी नजर टाकली की आता हिला बघायला पुण्याहून लेकीला बोलवावं लागणार. संध्याकाळी कुंडीत बघितलं. नव्हती.